व्याख्यान नको, बैठक घ्या

पत्र

मी सोलापुरात एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विभागात सहायक प्राध्यापक आहे. विभागाला संशोधन केंद्राची मान्यता आहे, पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. गेल्या सत्रात मी पुढाकार घेऊन संशोधनातल्या नीतिमत्तेवर बाहेरच्या पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची होती म्हणून हॉल भरला. ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर एकही हात वर आला नाही. चहा झाला, आभार झाले, विषय संपला. सहकारी म्हणतात, ‘दुसऱ्यांच्या लिखाणाशी सिमिलॅरिटी दहा टक्क्यांच्या आत आली की झालं, आणखी काय बोलायचं?’ एका ज्येष्ठ सरांनी तर बाजूला घेऊन विचारलं, ‘मॅडम, रोख कुणावर आहे?’

त्याच सुमारास माझी एम.ए.ची एक विद्यार्थिनी विडी कामगार बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायला गेली होती. एका बाईनं तिला विचारलं, ‘मागल्या साली बी एक पोरगी येऊन लिवून नेली. त्याचं काय झालं?’ तिला उत्तर देता आलं नाही. परत येऊन तिनं मला विचारलं, तेव्हा मलाही देता आलं नाही. हे सगळं मोकळेपणानं बोलायची सवय आमच्या विभागाला, आणि जमलं तर विद्यापीठात इतरांनाही, कशी लावायची? कुणाशी वैर न घेता हे होईल का?

– एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर

प्रिय मॅडम,

होईल. वैर न घेताही होईल. फक्त सुरुवात दुसरीकडून करावी लागेल. व्याख्यान बाजूला ठेवा आणि तुमच्या विद्यार्थिनीनं जो प्रश्न तुमच्यापुढे आणून ठेवला, तिथून सुरू करा.

आधी त्या हॉलमधल्या शांततेबद्दल. तिथे कोण कोण बसलं होतं ते आठवून बघा. पुढच्या रांगांत गाइड, मागे त्यांचे विद्यार्थी. पीएच.डी.च्या मुलांना दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. तिथे गाइडचा शब्द चालतो, फेलोशिपच्या कागदांवर गाइडची सही लागते, पुढे नोकरीसाठी शिफारसही त्यांचीच लागते. अशा मुलानं भर सभेत माइक हातात घेऊन ‘पेपरवर कुणाकुणाचं नाव टाकायचं असतं?’ असं विचारावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय व्याख्यानात उदाहरणं येतात ती पकडल्या गेलेल्यांची. ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात नावं जुळवत बसतो. त्या ज्येष्ठ सरांनी तेच केलं. त्यांच्याबद्दल राग धरू नका, कारण पुढे तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे.

माझा सल्ला असा. आठ-दहा जणांची बैठक घ्या. गोल बसा. मधे एक खराखुरा कागद ठेवा: अजून फील्डवर न गेलेली प्रश्नावली, किंवा अजून समितीपुढे न ठेवलेला आराखडा. जे अजून घडलेलंच नाही त्यावर बोलताना कुणी आरोपी नसतो. काही खटकलं तर पेन घेऊन तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. काम झाल्यावर, प्रबंध बांधून आल्यावर हीच चर्चा काढली तर ती चौकशी वाटते, आणि लोक गप्प बसतात ते बरोबरच करतात.

पहिल्या बैठकीला तुमच्या विद्यार्थिनीची प्रश्नावलीच घ्या, अर्थात तिची तयारी असेल तर. ती पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सांगा. अशा प्रश्नावल्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. नाव, वय, जात, शिक्षण, घरात माणसं किती, विडी कामगाराचं कार्ड आहे का, रोज किती विड्या होतात, मजुरी किती, नवरा काय करतो, दारू पितो का, मारहाण करतो का, कर्ज किती, खोकला आहे का, पाठ दुखते का. पन्नास-साठ प्रश्न सहज होतात. वाचून झालं की सगळ्यांना एकच विचारा: यातल्या कुठल्या प्रश्नांची उत्तरं आपण खरोखर वापरणार आहोत? नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न ‘सगळे विचारतात म्हणून’ आला असेल तर तो काढून टाका. आणि ठेवायचा असेल तर तो विचारताना शेजारी सासू बसलेली असेल तेव्हा काय करायचं, बाई रडायला लागली तर काय करायचं, तिला मदत हवी असेल तर कुणाचा नंबर द्यायचा, हे आधी ठरवा. बावीस वर्षांच्या मुलीला एकटीला त्या दारात उभं करून हे तिच्यावर सोडून देणं मला मान्य नाही.

मग वेळेचा हिशेब मांडा. विडीची मजुरी हजारावर ठरते. जिच्या हातून तासाला शंभर विड्या होतात, तिचा पाऊण तास आपण घेतला तर पंचाहत्तर विड्या गेल्या. म्हणून बायका हात थांबवत नाहीत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापून ठेवलेली पानं. एक पान उचलायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि त्यातच ‘हो’, ‘नाही’, ‘चार हजार’ अशी उत्तरं द्यायची. मान वर होत नाही. वर पाहायला वेळ नसलेल्या माणसानं दिलेली संमती ती किती खरी, आणि तिची उत्तरं किती विचारपूर्वक दिलेली, हे दोन्ही प्रश्न इथेच येतात. एक नीतिमत्तेचा आहे आणि दुसरा संशोधनाच्या दर्जाचा, पण त्या उंबऱ्यावर ते वेगळे काढता येत नाहीत.

बुडालेली मजुरी द्यायची का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी माणसाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला मुभा आहे. रक्कम इतकी मोठी मात्र नसावी की पैशाच्या मोहानं त्याला नाही म्हणता येऊ नये. तत्त्व चांगलं आहे, पण एम.ए.च्या मुलीनं पैसे कुठून आणायचे? मग प्रश्न साठावरून वीसवर आणायचे का? कारखान्यावर माल देऊन बाई परत आल्यावर, तिच्या सोयीच्या वेळी जायचं का? शंभर बायकांऐवजी तीसच घ्यायच्या का? या ठिकाणी लोक आपोआप बोलायला लागतात, कारण प्रत्येकानं कधी ना कधी फील्डवर ही अडचण सोसलेली असते आणि ती कुणाला सांगितलेली नसते.

आणखी एक गोष्ट जपा. सोलापुरात वर्गात अशी मुलं असतातच ज्यांची आई किंवा मावशी विड्या वळते. या बैठकीत त्यांना सगळ्यांहून जास्त कळत असतं. म्हणून त्यांना ‘तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?’ असं सगळ्यांदेखत विचारू नका. बोलायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. संशोधनात सहभागी होणाऱ्या बाईला आपण जी मोकळीक देऊ म्हणतो, तीच बैठकीतल्या मुलालाही हवी.

परवानगीचा मुद्दा यानंतर काढा. बहुतेक मुलं आधी कारखान्याच्या मॅनेजरला भेटतात, कारण कामगारांची यादी त्याच्याकडे असते. मॅनेजर ‘हो’ म्हणाला की परवानगी मिळाली असं धरलं जातं. पण मॅनेजरनं पाठवलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणायची त्या बाईची काय बिशाद? माल पास-नापास करणारा माणूस त्याच कारखान्यात बसलेला असतो. या टप्प्यावर बैठकीला खम्ममची हकिगत सांगा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात २००९मध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले होते, पण त्यांचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. हकिगत सांगताना हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर लशीबद्दल भलताच समज घेऊन मुलं घरी जातील. मुद्दा संमतीचा होता. आता वॉर्डनच्या जागी मॅनेजर, सरपंच, मुख्याध्यापक, बचत गटाची अध्यक्ष असं एकेक ठेवून बघा. दारापर्यंत न्यायला या माणसांची मदत घ्यावीच लागते. पण ‘हो’ म्हणायचा अधिकार त्यांचा नव्हे, आणि बाई ‘नको’ म्हणाली तर ते त्यांच्या कानावर जाणार नाही याची सोय आपण करायची असते.

मग तो प्रश्न, ज्यावर बैठक अर्धा तास अडेल अशी माझी खात्री आहे. मुलाखत चालू असताना आईच्या शेजारी बसलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करते आहे. प्रश्नावलीत लिहायचं? लिहिलं आणि ते कारखान्यापर्यंत पोचलं तर आईचं काम जाईल. नाही लिहिलं तर प्रबंधात ‘या व्यवसायात मुलं नाहीत’ असं वाक्य येईल आणि ते खोटं असेल. माझं मत मी सांगते: पाहिलेलं लिहायचं, पण एकूण निरीक्षणात, त्या घराच्या कागदावर नाही. आणि काय नोंदवणार आहोत हे दारात बसायच्या आधी सांगायचं. तुमच्या बैठकीत कुणी याच्या उलट बोलेल आणि तेही पटण्यासारखं असेल. बोलू द्या. घाईनं निकाल लावू नका.

नाव बदललं की ओळख लपली, हा समजही इथेच निकालात काढा. ‘पूर्व भागातली, तेलुगू भाषक, विधवा, युनियनची पदाधिकारी’ एवढं लिहिलं की त्या भागातला कुणीही पाच मिनिटांत बाईंचं नाव सांगेल. प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि तिथे तो कुणालाही वाचता येतो. वय पाच वर्षांच्या गटात टाका, पद गाळा, दोन बायकांचे तपशील वेगळे ठेवण्याची गरज नसेल तर एकत्र करा. हे कसब आहे आणि ते शिकवावं लागतं.

सोलापुरात बसून संमतीपत्राबद्दल बोलताना एका जागेचा उल्लेख टाळता येणार नाही. ब्रिटिशांनी १८७१च्या कायद्यानं अनेक जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि त्यांतल्या कित्येक कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. हजेरी, नोंदवही, बोटांचे ठसे. तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे तिथल्या आजी-आजोबांनी तो पाहिलेला आहे. अशा वस्तीत आपली विद्यार्थिनी छापील कागद आणि शाईचं पॅड घेऊन जाते आणि म्हणते, ‘आजी, इथं अंगठा द्या.’ आपल्या दृष्टीनं ती नीतिमत्तेची पूर्तता असते. समोरच्या घरात त्या अंगठ्याची आठवण काय आहे, हे आपण विचारलेलंच नसतं. जिथे सही किंवा अंगठा घेणं योग्य नसेल तिथे साक्षीदारासमोर तोंडी संमती घेऊन तशी नोंद ठेवायचा मार्ग आहे, आधी नीतिमत्ता समितीची मान्यता घेऊन. तुमच्या विभागात किती जणांना हे माहीत आहे ते विचारून बघा. आणि विमुक्त जमातींवरच्या प्रश्नावलीत ‘गुन्हेगारी’ हा रकाना असेल तर तो कुणी घातला, का घातला, यावर एक बैठक खर्ची घाला. ती वाया जाणार नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. मागल्या साली लिहून नेलेल्याचं काय झालं? खरं उत्तर असं की त्याचा एक प्रकल्प अहवाल झाला, तो तपासला गेला, गुण मिळाले आणि तो कपाटात गेला. हे उत्तर द्यायला लाज वाटते. ती लाज चांगली आहे, तिचा उपयोग करा. पहिलं काम, विभागाच्या कपाटातले विडी कामगारांवरचे जुने अहवाल बाहेर काढा आणि वाचा. तेच तेच प्रश्न, त्याच त्याच वसाहती, जवळजवळ सारखेच निष्कर्ष दिसतील, कारण कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत एका दुपारी पन्नास फॉर्म भरून होतात. जे आधीच माहीत आहे ते पुन्हा विचारायला कुणाच्या दारात जाऊ नये, हा नियम तुमच्या विभागापुरता तुम्ही उद्याही करू शकता.

दुसरं, या वर्षीच्या कामाचे निष्कर्ष त्याच वस्तीत जाऊन सांगा. अहवाल वाचून दाखवू नका. चार-पाच गोष्टी काढा ज्या त्या बायकांच्या उपयोगाच्या आहेत किंवा ज्यांत आपलं काही चुकलं असेल तर त्या सांगू शकतील. ज्या विद्यार्थ्याच्या घरी तेलुगू बोलली जाते त्याला तेलुगूतून सांगू द्या. सोलापुरातली घरातली तेलुगू पुस्तकी नसते, त्यामुळे बाहेरून भाषांतर करून आणलेला कागद तिथे परका वाटतो. दोन-तीन जणींना तुमच्या बैठकीलाही बोलवा. त्या दिवसाची मजुरी आणि रिक्षाचं भाडं विभागानं द्यावं, आणि ते आल्याबरोबर द्यावं. त्या आल्या तर प्राध्यापकांच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

सहकाऱ्यांच्या ‘दहा टक्क्यां’बद्दल थोडक्यात. हा आकडा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीच्या २०१८च्या नियमावलीतला आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. प्रबंधात दहा ते चाळीस टक्के असेल तर ठरावीक मुदतीत सुधारून द्यायचा. चाळीस ते साठला एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर नोंदणी रद्द. सॉफ्टवेअर आकडा देतं, आकड्याचं प्रमाणपत्र निघतं, म्हणून सगळी नीतिमत्ता त्यात गोळा झाली. २०१९पासून पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. तो चांगला आहे, पण त्याचा मोठा भार प्रकाशनावर आहे: नियतकालिकं, डेटाबेस, वाङ्मयचौर्य. त्या बाईंच्या उंबऱ्यावर काय करायचं, याला त्यात फारशी जागा नाही. सामाजिक शास्त्रवाल्यांनी मुंबईतल्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २०००मध्ये तयार झालेली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं जरूर वाचावीत. ती आपल्या कामाच्या जास्त जवळची आहेत.

त्याच २०१८च्या नियमावलीत एक कलम तुमच्या कामाचं आहे आणि ते कुणी वाचत नाही. जबाबदार संशोधनाबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी दर सत्रात जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. दर सत्रात. प्राचार्यांकडे जाताना ते पान घेऊन जा. ‘मला एक उपक्रम सुचलाय’ म्हणण्यापेक्षा ‘हे आपल्याला करायचंच आहे, मी जबाबदारी घेते’ म्हणा. प्राचार्यांचाही भार हलका होईल आणि ‘रोख कुणावर?’ या शंकेला जागाच उरणार नाही.

आता ज्येष्ठ सरांकडे जा. त्यांना बैठकीत बोलायला विनंती करा, पण उपदेश करायला नको. त्यांना सांगा, ‘सर, तुमच्या कामात असा एखादा प्रसंग असेल की काय करावं ते कळेना, तो सांगाल का? निर्णय सांगायलाच हवा असं नाही.’ हुद्द्यानं मोठा माणूस आधी आपली अडचण बोलला की मागच्या रांगेतल्या मुलाची जीभ सुटते. उलटा क्रम कधीच चालत नाही. एका सरांनी नकार दिला तर दुसऱ्यांना विचारा. निवृत्त झालेले शिक्षक या कामाला फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्या सहीची आता कुणाला गरज नसते.

पेपरवरच्या नावांचा विषय पहिल्या बैठकीत काढू नका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत थांबा, आणि तेव्हाही छापून झालेल्या पेपरवर बोलू नका. नवीन काम सुरू होतानाच एका पानावर लिहून काढायची पद्धत पाडा: कल्पना कुणाची, फील्डवर कोण जाणार, आकडेमोड कोण करणार, लिहिणार कोण, आणि नाव कुठल्या क्रमानं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखकपणाला चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि छापलेल्याची जबाबदारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुख असणं यात कुठेच नाही, पण हे तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही. चार अटी फळ्यावर लिहा आणि पुढच्या कामाचं पान भरायला घ्या. इथे वरिष्ठांचीही बाजू असते. नव्या नोकरीत, बढतीत, मानांकनात पेपरची संख्या मोजली जाते. यूजीसीनं २०२२च्या नियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापायची सक्ती काढली, २०२५मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही बंद केली, पण मोजायची सवय गेलेली नाही. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांचे मेसेज तुमच्या मुलांच्या मोबाइलवर येतच असतील. तेही एका बैठकीत उघडून बघा, मुलं मनापासून बोलतील.

बैठक आणि तक्रार यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. कुणी बैठकीत नाव घेऊन बोलायला लागलं तर तिथेच थांबवा. तक्रारीसाठी वेगळी यंत्रणा आहे. वाङ्मयचौर्याची तक्रार विभागीय समितीकडे जाते, तिच्या अध्यक्षस्थानी विभागप्रमुख असतात; तिच्यावर संस्थेची समिती असते आणि तिच्यात बाहेरचा सदस्य असतो. तक्रार विभागप्रमुखांबद्दलच असेल तर संस्थेच्या समितीकडे लेखी जावं लागेल, हे मुलांना ठाऊक असलं पाहिजे. एखादी विद्यार्थिनी बैठकीनंतर एकटी थांबून काही सांगू लागली तर ऐका, आणि तिच्या संमतीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. तिची पदवी, तिचा गाइड, तिचं भविष्य पणाला लागलेलं असतं. धीर तिनं दाखवायचा की नाही हे तिनं ठरवायचं.

विद्यापीठापर्यंत हे न्यायचं म्हणता, तर दुसऱ्या विद्याशाखांकडे त्यांच्याच प्रश्नांसह जा. प्राणिशास्त्रवाल्यांना विचारा: नान्नजच्या माळावर माळढोक आता क्वचितच दिसतो, तो बहुधा एका वेळी एकच अंडं घालतो, घरटं सापडलं तर पेपरमध्ये नेमकी जागा छापायची का? शेतीच्या अभ्यासकांना विचारा: डाळिंबावरच्या नव्या फवारणीचा प्रयोग शेतकऱ्याच्या बागेत केला आणि बहर गेला, तर नुकसान कुणाचं? हे त्याला आधी सांगितलं होतं का? इतिहासवाल्यांना विचारा: जुन्या गिरणी कामगाराच्या घरून ‘स्कॅन करून आणून देतो’ म्हणून नेलेला फोटो परत गेला का? भौतिक आणि रसायनशास्त्रवाल्यांना आलेखातून गाळलेल्या रीडिंगबद्दल विचारा. प्रत्येकाला वाटतं की नीतिमत्ता म्हणजे माणसांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांचं प्रकरण. आपल्या टेबलावरचा प्रश्न ऐकला की तो खुर्ची पुढे ओढतो.

आणि डॉक्टरांनाही बोलवा. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय संशोधनाला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागतेच. आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, कायद्याचा जाणकार असतो, सामाजिक शास्त्राचा अभ्यासक असतो, आणि एक सामान्य नागरिकही असतो, ज्याला संशोधनातलं काही कळत नसलं तरी चालतं. किंबहुना त्याच्यासाठीच संमतीपत्र समजेल असं लिहावं लागतं. अशा समितीवर काम केलेल्या कुणालाही एक दुपार मागा. कुठल्या वाक्यावर प्रस्ताव परत पाठवतात, एवढंच सांगायला सांगा. तुमच्या विभागानंही प्रस्तावावर मत द्यायला एक बाहेरचा माणूस ठेवावा असं मला वाटतं: एखादी अंगणवाडी सेविका, यंत्रमागावर काम केलेला माणूस, वकील, कुणीही. औपचारिक समितीला वेळ लागेल. या माणसाला लगेच बोलावता येईल.

शेवटी व्यवहाराच्या गोष्टी. हजेरी सक्तीची करू नका, चार जण आले तरी बैठक घ्या. वेळ एकच ठेवा आणि दर महिन्याला ठेवा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कामासाठी जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो मागतीलच. तो सुरुवातीला काढून द्या, मग मोबाइल बाजूला. वृत्तांतात चर्चेचे मुद्दे लिहा, कोण काय बोललं ते लिहू नका, आणि हा नियम दर वेळी सुरुवातीला मोठ्यानं सांगा, नवीन कुणी आलेलं नसलं तरी. पहिल्या दोन बैठकींचं निमंत्रण तुम्ही द्या. तिसरीपासून विषय ठरवणं आणि निमंत्रण देणं दोन संशोधक विद्यार्थ्यांकडे सोपवा, एक तुमच्या विभागातला आणि एक दुसऱ्या. तारीख ठरवताना पीएच.डी.च्या आराखड्यांचं वेळापत्रक बघून, संशोधन समितीच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधीची धरा, म्हणजे बैठकीत जे सुचेल ते प्रश्नावलीत बदलायला मुलांना वेळ मिळेल.